आत्यांची तबकडी

एकत्र कुटुंबांत टेलिफोन हें यंत्र कोणा एकाच्या मालकीचें कधींच नसतें. भिंतीवरील घड्याळाप्रमाणें तें घराचें असतें. घंटी वाजली म्हणजे जो जवळ असेल त्यानें उठावें आणि ज्याचा निरोप असेल त्याला जिन्याखालून हांक मारावी, असा शिरस्ता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्याच्या त्याच्या खिशांत स्वतंत्र फोन आला आणि हा शिरस्ता बहुतेक घरांतून नाहींसा झाला. अंबरनाथच्या बुवापाड्यांतील आमच्या घरांतून मात्र तो गेलेला नाहीं, आणि याचें कारण आमच्या आत्या.

आत्यांचें वय चौऱ्याऐंशी. दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टि गेली असून कडेचें कांहींसें अंधुक दिसतें. माणूस आल्याचें कळतें, कोण आलें तें आवाजावरून ओळखावें लागतें. कांचेच्या सपाट फोनवर बोट कोठें ठेवावें हें त्यांना सांगून उपयोग नाहीं, कारण तेथें बोटाला लागण्यासारखें कांहीं नसतेंच. परंतु माजघराच्या कोनाड्यांत ठेवलेला काळा टेलिफोन त्या कोणाच्याही मदतीवांचून फिरवितात. हें यंत्र बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्याचें. कारखाना १९४८ सालीं निघाला, आणि आमच्या पिढीनें घरोघरीं पाहिलेले काळे फोन बहुधा तेथलेच. तबकडीला दहा भोकें व खालीं उजव्या अंगास एक धातूचा अडसर. अडसराला लागून शून्याचें भोंक. तेथून मागें मोजीत गेलें कीं नऊ, आठ, सात. आत्या हा हिशेब डोळे मिटूनही करतात, आणि आतां तर डोळे उघडे असले काय नि मिटले काय, सारखेंच.

वाईस त्यांची धाकटी बहीण असते. दोघींचाही प्रवास आतां संपला आहे. गुडघे, घाट आणि डॉक्टरांची आज्ञा या तिहींपुढें कोणाचें चालत नाहीं. तेव्हां दोघींची भेट व्हायची ती तारेवरच. सायंकाळीं दिवेलागण झाली कीं आत्या कोनाड्यापाशीं पाट घेऊन बसतात, अकरा आंकडे फिरवितात, आणि मग अर्धा तास त्या घरांत नसतात. काय बोलतात हें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं; ऐकूं येऊं नये इतक्या हळू बोलतात. कधींमधीं हंसणें मात्र ऐकूं येतें, आणि तें चौऱ्याऐंशी वर्षांचें वाटत नाहीं.

गेल्या वर्षीं रस्त्याच्या खोदकामांत जमिनींतली केबल तुटली आणि हा टेलिफोन मुका झाला. तक्रार केली. दोन आठवड्यांनीं उत्तर आलें कीं आतां तांब्याची तार पुन्हां जोडावयाची नाहीं. कांचेची तार घ्या, क्रमांक तोच राहील. यांत कोणाचा दोष काढण्यासारखें फारसें नाहीं. तांबें महाग, चोरीला जाणारें, पावसाळ्यांत पाणी पिणारें. जगभर टेलिफोनच्या संस्था तें काढून टाकीत आहेत. १८८२ सालीं मुंबईंत पहिलें टेलिफोन-केंद्र उघडलें तेव्हांपासून जी वस्तु गृहीत धरली गेली, तिचें आयुष्य पुरें होत आलें आहे, इतकाच त्याचा अर्थ. तारसेवा नाहीं का २०१३ च्या जुलैमध्यें अशीच शांतपणें मिटली?

पण ते दोन महिने आत्यांचे फार वाईट गेले. रोज कोणीतरी आपल्या खिशांतल्या फोनवरून वाईचा क्रमांक लावून देई. फोन हातांत नीट धरतां येईना, गालाच्या स्पर्शानें मध्येंच बंद पडे, म्हणून आवाज मोठा करून तो पाटावर ठेवावा लागे. मग तिकडून येणारा प्रत्येक शब्द साऱ्या माजघरानें ऐकावयाचा. दोघींचें बोलणें आटत आटत "बरी आहेस ना?" आणि "जेवलीस का?" एवढ्यावर आलें. पुढें पुढें तर वहिनींनीं विचारलें, "आत्या, लावून देऊं का?" कीं त्या म्हणत, "आज राहूं दे गं, तुम्हांला कामें असतील. उद्यां बघूं." आपल्याच घरांत आपल्याच बहिणीशीं बोलण्यासाठीं परवानगी मागितल्यासारखें होत असावें. आम्हांला हें लागलें.

बटणांचा फोन आणून पाहिला, हें वाचकांनीं विचारण्यापूर्वींच सांगून टाकतों. पांचाच्या बटणावर उंचवटा असतो आणि त्यावरून चांचपडत बाकीचीं सांपडतात, असें पुस्तकांत आहे. परंतु संधिवातानें बोटांची टोकें बधिर झालेल्या माणसाला एकच बटण दोनदां दाबलें गेलें कीं एकदां, हें कळत नाहीं. तबकडींत बोट अडकतें, ओढ लागते, परत फिरतांना घरघर ऐकूं येते. केलेल्या कामाची पावती मिळते. चार दिवसांनीं तो फोन दादांच्या खोलींत गेला.

तेव्हां ठरलें असें, कीं कांचेच्या तारेवर हाच काळा टेलिफोन चालवावयाचा. आमचें आयुष्य अंबरनाथच्या एका कारखान्यांत विजेच्या खात्यांत गेलें आहे आणि पुतणी इलेक्ट्रॉनिक्स शिकते आहे; दोघांच्या दोन पिढ्यांच्या विद्या एकत्र आल्या तर हें जमावें, असा हिशेब होता.

कांचेच्या तारेनें आवाज जातो तो आवाज म्हणून जात नाहीं. यंत्र सेकंदाला ८,००० वेळां त्याचें माप घेतें आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहून ठेवतें. असे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांचीं लहान पुडकीं बांधतात. सेकंदाला पन्नास पुडकीं. प्रत्येकांत १६० बाइट आवाज आणि सुमारें ४० बाइट पत्त्याचा मजकूर. पोस्टांतील पत्रें ज्या गाडींतून जातात तिच्यांतूनच मनिऑर्डरी, पार्सलें आणि जाहिराती जाव्या, तसा हा आवाज घरांतील चित्रपट, मुलांचे अभ्यास आणि पुतण्याचें कचेरीचें काम यांच्या गर्दींतून वाट काढतो. जुना टेलिफोन आणि हें पुडक्यांचें जग यांच्यामध्यें जो दुभाषी बसतो, त्याला गेटवे म्हणतात.

गेटवे घेतांना एका गोष्टीकडे लक्ष द्यावें लागतें. त्याला दोन जातींचीं दारें असतात. एफएक्सएस नांवाचें दार टेलिफोनला वीज, सूर आणि घंटी पुरवितें. एफएक्सओ नांवाचें दार या गोष्टी बाहेरच्या तारेकडून घेतें. आम्हांला पहिल्या जातीचीं दोन दारें हवीं होतीं, एक माजघरासाठीं आणि एक माडीवर दादांसाठीं. दुसरी अट अवघड होती. तबकडीचा फोन आंकडा कळवितो तो सुरानें कळवीत नाहीं. तो तारेंतला प्रवाह सेकंदाला सुमारें दहा या वेगानें तोडतो आणि जोडतो. तीन म्हणजे तीन तोड, शून्य म्हणजे दहा तोड. अमेरिकेंत कॅन्सस शहरच्या आल्मन स्ट्रोजर नांवाच्या गृहस्थानें १८९१ सालीं आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें, त्या घराण्याची ही भाषा. गृहस्थाचा धंदा अंत्यविधीचें सामान पुरविण्याचा होता. केंद्रावरील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते, अशा संशयानें त्यानें तिला वगळणारें यंत्रच काढलें, अशी आख्यायिका आहे. आजचे पुष्कळसे गेटवे ही भाषा विसरले आहेत. त्यांना फक्त बटणांचे सूर समजतात. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानदारांनीं आम्हांला काळा फोन टाकून देण्याचा सल्ला दिला. चौथ्यानें मात्र माहितीपत्रक पुढें ठेवलें. त्यांत तबकडीच्या तोडी वाचण्याची सोय स्पष्ट लिहिलेली होती.

घरीं जिन्याखालीं आठ दारांचा एक स्विच आहे. स्विच म्हणजे दिवा लावण्याचें बटण नव्हे. घरांतील सर्व यंत्रांच्या तारा जेथें एकत्र येतात ती पेटी. कोणतें पुडकें कोणत्या दारानें सोडावें हें ती पत्ता पाहून ठरविते. पुतणीनें आधीं या पेटींत दोन पंगती मांडल्या. सर्व संगणक, चित्रपट-पेटी आणि मुलांचे फोन एका पंगतींत; गेटवे एकटा दुसऱ्या पंगतींत. तंत्राच्या भाषेंत यांना व्हीलॅन म्हणतात. तारा त्याच, पेटी तीच, पण एका पंगतीचा गोंगाट दुसरींत जात नाहीं. राउटरकडे जाणाऱ्या एकाच तारेवरून दोन्ही पंगतींचा माल जावयाचा, म्हणून तेथें प्रत्येक पुडक्यावर पंगतीचा क्रमांक टाकण्याची सूचना दिली. गेटवेच्या दाराला असा क्रमांक नको, कारण तेथें एकच पंगत. नंतर आवाजाच्या पुडक्यांना ४६ क्रमांकाची खूण लावली आणि ही खूण दिसली कीं तें पुडकें आधीं सोडावें, असें स्विचला सांगितलें. घरांत वडील मंडळींचें पान आधीं वाढतात, त्यांतलाच हा प्रकार.

येथें एक बारकी गोष्ट सांगण्यासारखी आहे. घरांतल्या घरांत स्विचला इतकी जागा असते कीं सहसा कोणाला थांबावेंच लागत नाहीं. खरी दाटी होते ती राउटरच्या बाहेरच्या दाराशीं, मुलांनीं एखादें मोठें चित्र वर पाठविलें म्हणजे. म्हणून तोच क्रम तेथेंही लावावा लागला. एकट्या स्विचवर भिस्त ठेवून भागत नाहीं. बोलणें एका टोकाहून दुसऱ्या टोकास १५० मिलिसेकंदांच्या आंत पोंचलें तर संभाषण सहज वाटतें, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यापलीकडे दोघेही एकदम बोलूं लागतात आणि एकदम थांबतात. आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतें कीं पलीकडचा रागावला आहे.

टेलिफोन देणाऱ्या संस्थेनें मागितल्यावर खात्याचें नांव, गुप्त शब्द आणि नोंदणी करणाऱ्या यंत्राचा पत्ता दिला. आपल्या देशांत इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून मोकळीक झाली, पण तें बोलणें देशांतील साध्या टेलिफोनशीं जोडण्याची वाट २०१८ सालीं खुली झाली. त्यामुळें परवाना असलेल्या संस्थेच्या खात्यावरच हें करावें. कोणी शेजारचा हुशार मुलगा फुकट जोडून देतो म्हणाला तर त्याला चहा देऊन वाटेस लावावें. मजकूर भरतांच गेटवेची नोंदणी झाली आणि हिरवा दिवा लागला. डोंबिवलीहून चिरंजीवांनीं फोन केला. काळ्या टेलिफोनची घंटी दोन महिन्यांनीं वाजली. सारे घर गोळा झालें. दादांनीं रिसीव्हर उचलला, "हॅलो, हॅलो" म्हणाले, आणि गप्प उभे राहिले. तिकडे चिरंजीवांना दादांचा शब्द न् शब्द ऐकूं येत होता, इकडे शून्य.

एकतर्फी आवाजाचा हा रोग या धंद्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. बोलणें सुरू करतांना गेटवे पलीकडच्यास कळवितो कीं माझा पत्ता अमुक, आवाज तेथें पाठवा. परंतु त्याला आपला घरगुती पत्ताच ठाऊक असतो. बुवापाड्याहून वाईस पत्र लिहावें आणि उत्तरासाठीं पत्ता द्यावा "माडीवरची दुसरी खोली", तसें हें झालें. पत्र पोंचतें, उत्तर कोठें पाठवावें हें तिकडच्यास कळत नाहीं. राउटरांत ही चूक आपण होऊन सुधारणारा एक मदतनीस बसविलेला असतो, एसआयपी एएलजी नांवाचा. हा गृहस्थ फाजील उत्साही. पत्रांतला एक पत्ता बदलतो, दुसरा तसाच ठेवतो, आणि घोटाळा दुप्पट करतो. पुतणीनें त्याला रजा दिली आणि गेटवेला सांगितलें कीं घराचा बाहेरचा पत्ता बाहेरच्या एका यंत्राला विचारून घे आणि तोच पत्रावर लिही. तिनें पुन्हां डोंबिवलीस लावलें. चिरंजीवांचा आवाज इतका स्पष्ट आला कीं मागें चालू असलेली शिट्टी ऐकून वहिनींनीं विचारलें, "कुकर कितवा?"

येथें काम संपलें असें आम्हां सर्वांना वाटलें; आत्यांनीं तबकडीला बोट लावलें तेव्हां खरें काम सुरू झालें.

पहिली अडचण वयाची होती, आत्यांच्या नव्हे, तबकडीच्या. आंतलें तेल सुकून ती मंद फिरत होती आणि गेटवे कधीं नवाच्या जागीं आठ वाचीत होता. पाठीमागचें झांकण काढून संपर्काच्या पट्ट्या पुसल्या आणि घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडला. घरघर पूर्ववत् झाली. दुसरी अडचण आत्यांच्या संथपणाची. एक आंकडा झाल्यावर दुसरें भोंक बोटानें मोजीत शोधावयास त्यांना पांच-सहा सेकंद लागतात. गेटवे मात्र कारखान्यांतून निघतांना शिकून आला होता कीं चार सेकंद कांहीं आलें नाहीं म्हणजे क्रमांक पुरा झाला. त्यामुळें वाईचे पांच आंकडे होतात न होतात तोंच तो अर्धवट क्रमांक पुढें रेटी, आणि एक गोड आवाजाची बाई तीन भाषांत सांगे कीं हा क्रमांक अस्तित्वांत नाहीं. आत्या रिसीव्हर खालीं ठेवून म्हणाल्या, "अरे, मी काय खोटा नंबर फिरवते?"

पुतणीनें सुचविलें, "आत्याआजी, आपण असं करूं, नुसता एक फिरवलात कीं थेट वाईचा फोन लागेल."

आत्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तिचा नंबर मला पाठ आहे गं. तेवढाच एक राहिलाय पाठ."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. थांबण्याचा अवधि चारावरून पंधरा सेकंदांवर नेला. पण मग प्रत्येक क्रमांकानंतर पंधरा सेकंद खोळंबा होणार. म्हणून गेटवेला क्रमांकांचे सांचे शिकविले. शून्य आणि त्यापुढें दहा आंकडे आले कीं पुरे, लगेच जोड. यांत परगांवचे सगळे फोन आले आणि खिशांतले फोनही आले, कारण १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून तेथें लावतांनाही आधीं शून्य फिरवावें लागतें. दोनानें सुरू होणारे सात आंकडे म्हणजे आमच्या ०२५१ च्या पट्ट्यांतला, कल्याणपासून बदलापुरापर्यंतचा फोन. मुंबई लोकलनें दीड तासावर, निम्मा गांव रोज तिकडे जातो-येतो, पण टेलिफोनच्या वहींत ती परगांवच. आणि ११२, आणीबाणीसाठीं. एवढ्या तीन-चार ओळींनीं गेटवेला आत्यांच्या गतीनें चालतां येऊं लागलें.

घंटीची तक्रारही त्यांचीच. नव्या व्यवस्थेंत घंटी दोन सेकंद सलग वाजे आणि चार सेकंद थांबे. ही अमेरिकेची रीत. "ही आपली घंटी नव्हे," असें आत्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें आणि त्यांचें खरें होतें. आपल्याकडील घंटी दुहेरी: ४०० मिलिसेकंद वाजते, २०० थांबते, पुन्हां ४०० वाजते, मग दोन सेकंद स्तब्ध. हे चार आंकडे भरले आणि साऱ्या घराला लहानपणची ट्रिंग-ट्रिंग ऐकूं आली. चित्रपट-पेटीसमोर बसलेले दादा संवयीनें उठून उभे राहिले.

राहतां राहिली वीज. तांब्याच्या तारेंत टेलिफोनपुरती वीज केंद्रांतील ४८ व्होल्टांच्या बॅटरीवरून येत असे. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीकांठचीं गांवें पाण्यांत गेलीं, आमच्याकडे दोन दिवस अंधार होता, तेव्हांही हा काळा फोन जिवंत होता. कांचेच्या तारेंतून उजेड जातो, वीज जात नाहीं. घरची वीज गेली कीं राउटर, स्विच आणि गेटवे तिघेही डोळे मिटतात. तिघांचा मिळून खर्च सुमारें २५ वॅट. बारा व्होल्टांची ४२ ॲम्पियर-तासांची एक बॅटरी त्यांच्यासाठींच वेगळी ठेवली आणि तिच्यावर पंखा लावण्यास सर्वांना मनाई केली. घट धरूनही दहा-बारा तास निघतात. पंख्याबद्दल पुतण्याची कुरकुर अजून चालू आहे.

आतां दिवेलागण झाली कीं माजघरांतून पुन्हां घरघर ऐकूं येते. अकरा आंकड्यांना आत्यांना मिनिटाहून अधिक लागतो. त्या वेळीं आम्ही सहसा ओसरीवर जाऊन बसतों.

वाईच्या घरची तांब्याची तारही पावसाळ्यानंतर काढणार, असें परवां कळलें. तिकडच्या फोनला बटणें आहेत, त्यामुळें तबकडीचा प्रश्न येणार नाहीं. पण त्या गांवीं वीज किती वेळां जाते याची चौकशी करावयास पुतणीला सांगितलें आहे, आणि दुसऱ्या एका बॅटरीची किंमत विचारून ठेवली आहे.